शाम्पू कोरियाचा, डोकं घरच्या माणसाचं

बायकांच्या पुरवणीत पुरुषांच्या टकलाचं काय काम, असं एखादीला वाटेल. त्याचं उत्तर बाथरूमच्या फळीवर आहे. तिथली 'त्याच्या' शाम्पूची बाटली कोणी आणली? बहुतेक घरांत बायकोने, नाहीतर आईने. उशीच्या अभ्र्यावरचे केस आधी दिसतात तेही तिलाच, कारण अभ्रे तीच बदलते. तो मात्र आरशासमोर भांग अर्धा इंच खाली सरकवतो आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने ऑफिसला जातो.

सध्या या फळीवर कोरिया येऊन बसलाय. आधी मुलींनी त्या मालिका घरात आणल्या, मग चेहऱ्यावर चिकटवायचे ओले मास्क आले, आणि आता पाठोपाठ पुरुषांसाठी जिनसेंगचा शाम्पू, 'स्काल्प टॉनिक', 'स्काल्प स्केलर' आणि सिलिकॉनच्या दातांचा ब्रश. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी अठ्ठावीस वर्षांच्या मुलासाठी असा अख्खा संच मागवला. मुलाचं लग्नाचं बघताहेत, आणि एका स्थळाकडून "फोटो अलीकडचाच आहे ना?" अशी विचारणा झाली होती. काकूंचं म्हणणं, "त्या मालिकेतल्या मुलांचे केस बघ गं. काहीतरी असेलच ना त्यांच्याकडे!"

आहे ना, नक्की आहे. पण जे आहे ते आणि बाटलीवर जे आपण वाचतो ते, यात अंतर आहे. हे अंतर कळलं नाही तर पैसे जातात, त्याहून वाईट म्हणजे वेळ जातो. आणि पुरुषांच्या केसांच्या बाबतीत वेळच महाग आहे.

कोरियन लोकांची मूळ कल्पना मला मनापासून पटते. डोक्याची त्वचा ही चेहऱ्याचीच त्वचा आहे, कपाळ संपलं म्हणून ती संपत नाही, असं ते मानतात. मग चेहऱ्यासारखीच ती धुवायची, तपासायची, जपायची. सोलमधल्या एखाद्या केसांच्या सेंटरमध्ये माणूस गेला की पहिली गोष्ट म्हणजे छोटा कॅमेरा डोक्यावर फिरवतात. पडद्यावर कितीतरी पट मोठं करून दाखवतात, कुठे तेल साचलंय, कुठे लाली आहे, कुठे कोंड्याचे पापुद्रे आहेत, एका छिद्रातून दोन-तीन केस येताहेत की एकच बारीक केस उरलाय. मग 'स्केलिंग', म्हणजे केसांचे भांग पाडत पाडत कापसाच्या काडीने एक द्रव लावायचा आणि चिकटलेला मळ नि मृत त्वचा सैल करायची. मग वाफ, मग बोटांच्या पेरांनी धुणं, मुळं कोरडी करणं आणि शेवटी टॉनिक.

घरी करायचं त्याहून सोपं. केस शक्यतो रात्री धुवायचे, कारण दिवसभराचं तेल, धूळ, घाम घेऊन झोपायचं कशाला? नखं लावायची नाहीत. फेस दोन-तीन मिनिटं डोक्यावर ठेवायचा, पाण्याने भरपूर वेळ धुवायचं, आणि मुळं वाळल्याशिवाय उशीला डोकं टेकायचं नाही. आठवड्यातून एकदा स्केलर. बस्स.

आता आपल्याकडे बघा. डोक्याची काळजी म्हणजे तेल, हे समीकरण पक्कं. केस गळताहेत? तेल लाव. कोंडा झालाय? मग तर चोळून लाव आणि रात्रभर ठेव! कोंड्यात जी बुरशी असते ती डोक्यावरच्या तेलावरच पोसली जाते. त्यामुळे कोंडा असलेल्या डोक्यावर रात्रभर तेल म्हणजे तिला पंगतच वाढली. (आजीच्या चंपीला मी नावं ठेवत नाहीये. केसांच्या लांबीला तेल चांगलंच. पण तास-दोन तासांनी धुवून टाकावं आणि कोंडा असेल तेव्हा तर मुळांना लावूच नये.)

दुसरी समजूत पुरुषांची खास आहे. "शाम्पूने केस जातात, म्हणून मी आठवड्यातून एकदाच लावतो." धुताना हातात येतात ते केस मुळातून आधीच सुटलेले असतात. रोज पन्नास ते शंभर केस कुणाचेही गळतात. चार दिवस डोकं धुतलं नाही तर चौथ्या दिवशी चार दिवसांचे एकदम दिसतात, एवढंच. केस न धुऊन एकही केस वाचत नाही, उलट कोंडा आणि खाज वाढते.

गंमत म्हणजे कोरियन केस धुण्याच्या जुन्या रीतीत आपली एक घरगुती ओळखीची वस्तू आहे. त्यांच्या चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, साधारण जूनमध्ये, 'दानो' नावाचा सण असतो. त्या दिवशी बायका 'चांगपो' नावाच्या वनस्पतीच्या उकळलेल्या पाण्याने केस धुतात. गांगनुंग गावचा दानो उत्सव तर युनेस्कोने २००५ मध्ये जागतिक वारशाच्या मानाला नेऊन बसवला. हे चांगपो म्हणजे आपलं वेखंड! तेच, बाळगुटीत उगाळायचं. केसांना त्याने सुवास आणि चमक येते अशी त्यांची श्रद्धा. मला यातलं आवडतं ते हे की त्या पाण्याकडून कुणी नवीन केसांची अपेक्षा ठेवली नाही. ती अपेक्षा पुढे बाटलीबरोबर आली.

आणि बाटलीवर काय लिहायचं याबद्दल खुद्द कोरियाचं सरकार फार काटेकोर आहे. आधी हे शाम्पू तिथे 'अर्ध-औषध' अशा गटात मोडत. मे २०१७ पासून ते सौंदर्यप्रसाधनांच्या एका विशेष गटात गेले. डेक्सपॅन्थेनॉल, बायोटिन, मेन्थॉल, झिंक पायरिथिऑन असे ठरावीक घटक असले की कंपनीला लिहिता येतं, 'केस गळण्याची लक्षणं सौम्य करायला मदत करतो'. हे वाक्य दोनदा वाचा. केस उगवतो असं त्यात नाही, टक्कल थांबवतो असंही नाही. लक्षणं, सौम्य, मदत! जाहिरातीत यापुढे पाऊल टाकणाऱ्यांवर तिथलं अन्न-औषध मंत्रालय कारवाई करतं. तीच बाटली आपल्याकडच्या दुकानाच्या पानावर येईपर्यंत 'हेअर ग्रोथ' झालेली असते. वाक्य विमानात कुठे बदलतं कोण जाणे.

शाम्पूला मर्यादा का आहे, हे कळायला पुरुषांचे केस विरळ का होतात ते एकदा नीट बघू या. नेहमीचा प्रकार आनुवंशिक. पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचा पदार्थ तयार होतो. ज्यांच्या मुळांना तो सोसत नाही, त्यांच्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरचे आणि टाळूवरचे केस दर फेरीला थोडे बारीक, थोडे आखूड उगवतात. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग विश्रांती घेऊन गळतो आणि त्याच छिद्रातून पुढचा येतो. ती वाढीची फेरीच आखडत जाते. शेवटी उरते ती नुसती लव, आणि पुढे तीही नाही. हे सगळं त्वचेच्या खाली, मुळाशी चालतं. शाम्पू वर दोन मिनिटं राहतो आणि मोरीत जातो. त्याने खालचं कारण कसं हलणार?

डोक्याच्या मागचे आणि कानांवरचे केस मात्र टिकतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. मळाने, हेल्मेटने किंवा बोअरच्या पाण्याने टक्कल पडत असतं तर मागचे केस तेवढे सुटले नसते.

आता यातला विरोधाभास ऐका. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियन डॉक्टरांच्या पाहणीत अशा आनुवंशिक टकलाचं प्रमाण तिथल्या पुरुषांत १४.१ टक्के आढळलं होतं. गोऱ्या लोकांपेक्षा ते बरंच कमी. आणि तरीही केसांची धास्ती सगळ्यात जास्त कुठे, तर कोरियात! हे केसांचं दुखणं नाही, बघणाऱ्यांच्या नजरेचं आहे.

त्या देशात पुरुषाचे केस पूर्वीपासून इभ्रतीचे. शरीर आणि केस आईवडिलांनी दिलेले, त्यांना धक्का लावायचा नाही, म्हणून लग्न झालेला पुरुष डोक्यावर 'सांगतू' नावाचा बुचडा बांधायचा. १८९५ च्या शेवटी बुचडे कापण्याचा हुकूम निघाला, राजाने आधी स्वतःचा कापला, आणि त्यावरून लोक हत्यारं घेऊन उठले. आज बुचडे नाहीत, पण नोकरीच्या अर्जावर फोटो चिकटवायची सवय रुजली. एका माणसाला हॉटेलातलं तात्पुरतं काम केवळ टक्कल आहे म्हणून नाकारलं गेलं. प्रकरण तिथल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे गेलं, आणि हा भेदभाव आहे असं आयोगाला २०१७ मध्ये सांगावं लागलं.

राजकारणही यातून सुटलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार ली जे-म्युंग यांनी टकलावरचे उपचार सरकारी आरोग्य विम्यात आणण्याचं आश्वासन दिलं. कोरियन भाषेत 'निवडून देणं' आणि 'उपटणं' यांना एकच क्रियापद आहे. त्यावर कोटी करून त्यांच्या बाजूने म्हटलं गेलं, आम्ही यांना उपटणार नाही, रोवणार! ते तेव्हा थोडक्यात हरले. जून २०२५ मध्ये अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी आरोग्य मंत्रालयाला हा विषय पुन्हा तपासायला सांगितलं. तोपर्यंतच्या नियमात चाईसारख्या आजाराला विमा होता, आनुवंशिक टकलाला नव्हता. कॅन्सरच्या महागड्या औषधांना पैसे पुरत नाहीत तिथे केसांना कुठून, हा विरोधकांचा सवाल. मला विरोधकांचं पटतं. पण ज्या समाजात टकलामुळे काम जातं, तिथल्या पंचविशीतल्या मुलाला 'हे काय दुखणं आहे का' असं सुनवणंही मला जड जाईल. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? मुलाचा पगार, फ्लॅट, पत्रिका सगळं जुळतं, आणि मग मुलीची मावशी हळूच म्हणते, "पण जरा वयस्कर वाटतो नाही?" मुलीच्या रंगावरून बोललेलं आता निदान चारचौघांत खटकतं. मुलाच्या टकलावर मात्र अख्खा मांडव हसतो आणि त्यानेही हसावं अशी अपेक्षा असते.

तर, टॉनिकच्या बाटल्या जगभर विकणाऱ्या देशातले पुरुष स्वतः काय करतात? सोलमध्ये जोंगनो भागात दवाखान्यांची आणि औषधांच्या दुकानांची एक पेठ आहे. स्वस्तात टकलाची औषधं मिळण्याचं 'तीर्थक्षेत्र' असं तिचं नाव पडलंय. माणसं डॉक्टरची चिठ्ठी घेऊन काही महिन्यांच्या गोळ्या एकदम नेतात. म्हणजे शाम्पू आहेच, पण भरवसा गोळीवर. फिनास्टेराइड ही ती गोळी. डीएचटी तयार होणंच ती कमी करते. अमेरिकेत १९९७ मध्ये तिला पुरुषांच्या टकलासाठी मान्यता मिळाली. तिची थोरली बहीण ड्युटास्टेराइड, तिला कोरियाने २००९ मध्ये या कामासाठी मान्यता दिली. आणि वरून लावायचं मिनॉक्सिडिल. हे सगळे उपाय आहेत तेवढे केस टिकवतात, काही प्रमाणात बारीक झालेले जाड करतात. गुळगुळीत झालेल्या जागी शेत पिकवत नाहीत. म्हणूनच सुरवातीचं वर्ष-दोन वर्षं मोलाची, आणि नेमकी तीच आपण बाटल्या बदलण्यात घालवतो.

ही औषधं घरात आली की मात्र विषय पुरता बायकांचा होतो, म्हणून नीट वाचा. फिनास्टेराइडची तुटलेली किंवा कुटलेली गोळी गरोदर बाईने, किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने हाताळू नये. पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला त्यातून धोका असतो. अख्ख्या गोळीवर आवरण असतं, ती चुकून हाताला लागली तर घाबरायचं कारण नाही. पण काही पुरुष स्वस्त पडतात म्हणून प्रोस्टेटच्या पाच मिलिग्रॅमच्या गोळ्या आणून सुरीने तुकडे करतात. कोरियात हा प्रकार चांगलाच माहितीचा आहे. त्या तुकड्यांची पूड स्वयंपाकघराच्या ओट्यावर नको! ड्युटास्टेराइडची कॅप्सूल गळकी असेल तर तिलाही हात लावायचा नाही, कारण ते औषध त्वचेतून आत जातं. या गोळ्या घेणाऱ्याने रक्तदानही करायचं नसतं, बंद केल्यावरही काही काळ, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला दिलं जाऊ शकतं.

मिनॉक्सिडिल लावून तो बाळाला छातीशी घेऊन झोपत असेल, तर ते आधी थांबवा. बापाच्या डोक्यावरून औषध बाळाच्या अंगाला लागून तान्ह्या मुलांच्या अंगावर लव वाढल्याची उदाहरणं युरोपात नोंदली गेली आहेत. औषध वाळू द्यायचं, हात धुवायचे, त्याचा टॉवेल आणि उशी वेगळी. घरात मांजर असेल तर दुप्पट काळजी घ्या, तिला हे औषध विषासारखं आहे.

गोळीचे त्याच्यावरचे दुष्परिणामही झाकून ठेवू नयेत. काही पुरुषांत लैंगिक इच्छा कमी होते, काहींचं मन उदास राहतं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये फिनास्टेराइडच्या दुष्परिणामांत आत्महत्येचे विचार असल्याचं स्पष्ट केलं. असं प्रत्येकाचं होत नाही. पण तो गप्प गप्प झालाय, चिडतोय, हे ओळखणारी बहुधा तुम्हीच असणार, तेव्हा ते त्याला आणि डॉक्टरांना सांगा. पन्नाशीच्या पुढच्यांनी प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगायला हवं. गोळीमुळे तो आकडा साधारण निम्मा दिसतो आणि आजार लपून राहू शकतो.

सगळेच केस आनुवंशिक कारणाने जात नाहीत, हेही आहे. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून उतरवलेलं वजन, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि मग काही महिन्यांत आपोआप भरून येतात. नेमक्या त्याच वेळी घरात कोरियन शाम्पू आलेला असतो आणि सगळं श्रेय त्याला जातं. पुढे तो चुलतभावालाही सुचवला जातो! २०२४ चा शेवट आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस काही दिवसांत गळाले, तेव्हाही आधी पाण्यावर, शाम्पूवर संशय घेऊन झाला. नंतरच्या तपासण्यांत सेलेनियम या खनिजाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. केसांसाठीच्या महागड्या गोळ्यांच्या पाठीमागे बारीक अक्षरात हेच सेलेनियम लिहिलेलं असतं. ते गरजेपेक्षा जास्त झालं की केस जातात. बायोटिनचा मोठा डोस तर थायरॉइडच्या आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्यांचे आकडेच चुकवतो.

मग कोरियाकडून घ्यायचं काय? माझ्या मते पहिली पायरी घ्यायची, कॅमेऱ्याची. आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञही अशा भिंगाने डोकं तपासतात. बारीक केसांचं प्रमाण वाढलंय का ते त्यात टकलाच्या कितीतरी आधी दिसतं. दुसरं घ्यायचं ते रात्रीचं धुणं. कोंडा, खाज, तेलकटपणा गेला की डोकं शांत होतं आणि पुढचं औषधही नीट लावता येतं. शाम्पू कोरियाचाच हवा असं काही नाही. कोंडा हट्टी असेल तर डॉक्टर किटोकोनॅझोलचा देतील, तो आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतो. मालिशही चालू दे. जपानमध्ये २०१६ मध्ये अवघ्या नऊ पुरुषांवर रोज चार मिनिटं, चोवीस आठवडे मालिश करून पाहिली होती, तेव्हा केस किंचित जाड झाले, संख्या वाढली नाही. फुकट आहे, करून बघायला हरकत नाही. 'एक्सोझोम' नावाची कुपी डोक्यात टोचून घ्या असं कुणी सुचवलं तर मात्र उठून या. खुद्द कोरियात ती वरून लावायचं प्रसाधन म्हणूनच विकली जाते.

घरी एवढं करा. खिडकीच्या उजेडात, एकाच जागी बसवून, कोरड्या केसांनी त्याचे तीन फोटो काढा, समोरून, टाळूवरून आणि दोन्ही कोपरे दिसतील असा. तारीख टाकून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा काढा. फरक दिसला तर ते फोटो, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी आणि गेल्या सहा महिन्यांत झालेल्या आजारपणाची नोंद घेऊन त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. मिनॉक्सिडिल सुरू झालं तर पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात, हे त्याला आधीच सांगून ठेवा. जुने केस जागा सोडत असतात तेव्हा. पुष्कळ पुरुष नेमके तेव्हाच बाटली फेकून देतात, आणि गुण दिसायला तर चार ते सहा महिने लागतात.